उसनी रात्र

बोईसर स्थानकातून बाहेर पडून तारापूरच्या रस्त्याला लागले की मोबाइलची आवरणे, चार्जर आणि तत्सम किरकोळ माल विकणारे एक अरुंद दुकान लागते, ज्याच्या मागच्या भिंतीवर, काचेच्या नव्या फळ्यांआड, जुन्या लाकडी कप्प्यांची एक रांग अद्याप शाबूत आहे. आणि त्या कप्प्यांची उंची वीतभर व रुंदी दोन बोटांचीच का, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने चाळिशी ओलांडली आहे असे खुशाल समजावे. येथे एके काळी व्हिडिओ कॅसेटी उभ्या असत. त्या वयाची माणसे अलीकडे कोठेही एकत्र आली, मग ती लग्नाची पंगत असो वा सकाळची गाडी, की बोलता बोलता विषय त्या कॅसेटींवर येतो, कोणी तापलेल्या व्हीसीआरच्या वासाची आठवण काढतो, कोणी एका रात्रीत पाहिलेल्या तीन चित्रपटांची नावे क्रमवार म्हणून दाखवतो, आणि शेवटी 'ती मजा आता राहिली नाही' या ठरावावर, कोणाचाही विरोध न नोंदवता, सभा बरखास्त होते. ती मजा म्हणजे नेमकी कोणती, ती कोणाच्या वाट्याला किती आली, आणि आज तिच्याविषयी जे बोलले जाते त्यात खरे किती व गोडवा किती, याचा पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या एका पट्ट्यापुरता आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

गोंधळाची सुरुवात या भावनेच्या नावापासूनच होते. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर नामक वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, घरापासून दूर पडलेल्या स्विस तरुणांना ग्रासणाऱ्या व्यथेला ग्रीक भाषेतील 'परतणे' आणि 'वेदना' ही दोन पदे जोडून नाव दिले व तिची गणना रोगांत केली. आपल्या भाषेने त्याच भावनेला 'स्मरणरंजन' म्हटले, म्हणजे वेदना काढून तिच्या जागी करमणूक बसवली. सरकारी दप्तरात करमणुकीवर शुल्क बसे, १९२३ चा मुंबई करमणूक शुल्क अधिनियम त्यासाठीच होता, वेदनेवर मात्र बसत नसे. तेव्हा या भाषांतरात आपण तोट्यात गेलो की काय, असे कधी कधी वाटते. तथापि व्हिडिओच्या बाबतीत आपला शब्द अधिक चपखल आहे, कारण येथे जिचे स्मरण करायचे तीच मुळात एक करमणूक होती, आणि तिचे रंजन असे दुपटीने होते.

ही करमणूक येण्यापूर्वीचे दिवस फार सांगण्यासारखे नाहीत. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्याचे चित्र शंभरएक किलोमीटरवरच्या आमच्या किनाऱ्यापर्यंत येता येता क्षीण होई, आणि शनिवारचा मराठी व रविवारचा हिंदी चित्रपट पाहायचा तर बांबूवर चढवलेल्या अँटेनाला बूस्टर लावून समुद्राच्या वाऱ्याशी रोज नवा तह करावा लागे. चित्रपटगृह गाठायचे म्हणजे परतीच्या शटलचे वेळापत्रक पाठ हवे. कित्येकांनी कित्येक चित्रपटांचे शेवट गाडी चुकेल म्हणून सोडून दिलेले आहेत. रेल्वेच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर तारपा आणि जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या रात्री जागवण्याच्या जुन्या रीती होत्याच. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, रंगीत संच बाजारात आले, आणि त्यांच्या मागोमाग, जणू वरातीमागून घोडे, व्हीसीआर आला.

तो आला त्या मुलखाची ठेवण ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काही उमगणार नाही. इतक्या थोड्या जागेत इतकी परस्परभिन्न जगे एकमेकांना खेटून राहिलेली महाराष्ट्रात फार ठिकाणी आढळत नाहीत. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र, देशातील पहिले, १९६९ साली वीज देऊ लागले, आणि त्याच्या वसाहतीत केरळपासून बंगालपर्यंतचे अभियंते सहकुटुंब येऊन राहिले. त्यानंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत वसली आणि तिच्या कारखान्यांभोवतीच्या खोल्यांतून उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार दाटीने नांदू लागले. चिंचणी व तारापूर ही जुनी गावे. तेथे आळ्या, वाड्या, बागायत, गुजराती पेढ्या आणि दागिन्यांचे साचे कोरणारे डायचे कारागीर. किनाऱ्याने मुरबे, सातपाटी, नवापूर, दांडी अशी मच्छीमारांची वस्ती, आणि आत सरकले की वारल्यांचे पाडे. या सर्वांना एकाच काळात, एकाच दुकानातून, एकच वस्तू भाड्याने मिळू लागली. वसाहतीतल्या एखाद्या मल्याळी कुटुंबाने सकाळी परत केलेल्या कॅसेटीशेजारी कामगारांच्या खोलीवरून आलेली 'नदिया के पार' आणि आमच्या आळीतून आलेली 'धुमधडाका' दुकानदाराच्या मेजावर ओळीने पडलेली मी पाहिली आहे. तेवढा वेळ तरी त्या तीन जगांमध्ये अंतर राहिले नव्हते.

यंत्राविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आठवणीतल्या पुष्कळशा गोष्टी त्याच्या गुणदोषांतून आलेल्या आहेत. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स व जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस ही पद्धती बाजारात आणली, आणि त्या दोघींच्या भांडणात दुसरी जिंकली. अर्ध्या इंची फितीवर, मिनिटाला १,५०० फेरे घेणारा एक लहानसा पिंप तिरप्या रेघांनी चित्र वाचीत जाई. तीन तासांच्या कॅसेटीत अशी सुमारे २५० मीटर फीत गुंडाळलेली असे. तीन तास ही मर्यादा हिंदी चित्रपटाच्या मापाचीच होती, पण सर्वांच्या नव्हे. 'संगम' किंवा 'मेरा नाम जोकर' दोन कॅसेटींत येत, ज्यांपैकी दुसरी नेहमी कोणीतरी नेलेली असे. आणि 'शोले' तीन तासांहून अधिक लांब असल्यामुळे आमच्याकडे येणारी त्याची प्रत, ज्याने कोणी ती उतरवली त्याच्या मर्जीनुसार, कोठे ना कोठे कापलेली असे. सूरमा भोपालीचा प्रवेश मी प्रथम पाहिला तेव्हा महाविद्यालयात होतो, आणि हा भाग कोणी मागाहून घुसडला असावा अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती. एक पिढीच्या पिढी असे निरनिराळे 'शोले' पाहून मोठी झाली, आणि आता ती सगळी एकाच 'शोले'विषयी बोलत असल्याच्या भ्रमात आहे.

परंतु यंत्र व चित्रपट ही या प्रकरणाची कुडी झाली. तिचा प्राण त्या रात्रीत होता. 'व्हिडिओ आणणे' हा त्या काळचा प्रयोग होता, आणि त्यात कॅसेट हा केवळ एक घटक असे. गणपतीचे दिवस, सत्यनारायण, बारसे किंवा हळदीची रात्र, असे निमित्त ठरले की आळीतून वर्गणी निघे, दुकानदाराकडे अनामत भरली जाई, आणि सायंकाळी रंगीत संच, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा सरंजाम रिक्षातून उतरे, ज्याच्यासोबत सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगाही येई. त्याला सारे 'व्हिडिओवाला' म्हणत. तो त्या रात्रीचा खरा मालक. चिंचणीस आमच्या खळ्यात दोन मेजे जोडून त्यांवर संच मांडला जाई, शेजारच्या घरातून तार ओढली जाई, आणि माझी आजी, यंत्र कोणते व कशाचे याची चौकशी न करता, व्हीसीआरच्या कपाळावर, म्हणजे जेथे आकडे उमटत त्या काचेच्या वर, हळदकुंकवाचे बोट टेकवी. ते कुंकू आत जाईल म्हणून व्हिडिओवाला दर वर्षी दचके आणि दर वर्षी काही बोलत नसे.

चित्रपटांचा क्रम ठरलेला असे. प्रारंभी 'जय संतोषी माँ'सारखा एखादा देवाचा, म्हणजे वडीलधारी मंडळी पुण्य गाठीला बांधून निजायला जावीत. मग मराठी, तो बायकामुलांसाठी. आणि मध्यरात्र उलटल्यावर मारामारीचा, ज्याच्या वेळी सतरंजीवर झोपलेल्या पोरांच्या पायांतून वाट काढीत तरुण मंडळी पुढे सरकत. मध्येच चित्रावर मुंग्या येऊ लागत. "ट्रॅकिंग फिरव रे", असा पुकारा होई, तो चाक फिरवी, मुंग्या खाली सरकत आणि पुन्हा वर चढत. मग तो उठे, झाकण काढी आणि कोरी नोट मागे. खळ्यात शंभर माणसे बसलेली असत आणि कोरी नोट एकाच्याही खिशात नसे. शेवटी किराणा दुकानदाराला उठवून गल्ल्यातून एक करकरीत नोट आणवली जाई, तिच्या कडेने तो त्या पिंपावरचे हेड असे हलक्या हाताने पुसी की सोनाराने मोती पुसावा, आणि काम होताच दुकानदार हात पुढे करून आपली नोट परत घेई. पहाटे तीनच्या सुमारास यंत्र इतके तापे की व्हिडिओवाला आमच्या स्वयंपाकघरातले सूप मागून घेऊन त्याला वारा घाली. फटफटले की जागी असलेली दहा-पाच माणसे डोळे चोळीत उठत, आणि तो एकेक कॅसेट उलट गुंडाळत बसे, कारण न गुंडाळता परत केल्यास दंड होता. प्रथम मंद, मग वाढत वाढत तीव्र होत जाणारी आणि अखेरीस 'खट्' म्हणून थांबणारी ती घरघर हीच माझ्या लेखी त्या रात्रीची भैरवी होय.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. इंग्रजी मुलखांतून या विषयावर जे लिहिले जाते त्यात घर, बैठकीची खोली, शनिवारची सायंकाळ आणि आईबाप व दोन मुले असे चित्र वारंवार येते, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या लेखकांनीही तेच रेखाटण्याचा परिपाठ ठेवला आहे. या पट्ट्यात ते लागू पडत नाही. येथे व्हिडिओ हा क्वचितच कोणाच्या घरचा होता. यंत्र भाड्याचे, कॅसेट भाड्याची, संच बहुधा भाड्याचा, वीज शेजाऱ्याची, सतरंज्या देवळाच्या, नोट वाण्याची. फार काय, चित्रपटसुद्धा पुष्कळदा कोणीतरी कोणाच्या तरी प्रतीवरून चोरून उतरवलेला. सारी रात्रच उसनी आणलेली होती, आणि तिची मुदत सकाळी नऊ वाजता संपत होती. माझे मत असे की आज जी हुरहुर लागते ती या उसनवारीची आहे: जे आपले नाही आणि उद्या राहणार नाही, ते आजच, सर्वांनी मिळून, डोळ्यांत मावेल तितके भरून घ्यायचे, या सक्तीची. ज्यांच्या घरी स्वतःचा व्हीसीआर होता अशा वसाहतीतील दोन-तीन स्नेह्यांना मी मुद्दाम विचारून पाहिले. त्यांना चित्रपट आठवतात, पण एकही रात्र आठवत नाही.

या उसनवारीला आपल्याकडे एक जुनी परंपराही आहे, जिची दखल घेतली जात नाही. दुकानाला 'व्हिडिओ लायब्ररी' म्हणत, ते उगाच नव्हे. अनामत, मासिक वर्गणी, सभासदाची वही, विलंबशुल्क, परत केल्याची तारीख, हा सर्व कारभार गावोगावच्या वाचनालयांतून जसाच्या तसा उचललेला होता. मुंबईच्या शेमारूचा इतिहास तर या नात्याचा उघड पुरावा आहे: १९६२ साली पुस्तके फिरवणारे वाचनालय म्हणून ते सुरू झाले आणि १९७९ साली त्याने कॅसेटी भाड्याने देण्यास आरंभ केला. नाथमाधव आणि बाबुराव अर्नाळकर ज्या वहीत मांडले जात, तीत पुढे अमिताभ बच्चन मांडला गेला. पुस्तक मात्र एकाने एकट्याने वाचायचे असते. कॅसेटीने त्या जुन्या व्यवहारात सबंध आळी आणून बसवली.

कायद्याच्या अंगाने पाहता हे दिवस बरेच काळवंडलेले आहेत, आणि स्मरणरंजनात ही बाब सोयीस्करपणे गाळली जाते. निर्मात्यांची तक्रार खोटी नव्हती. चित्रपट मुंबईत लागावा आणि आठवड्याच्या आत त्याची 'कॅमेरा प्रिंट' शटलने बोईसरला उतरावी, जीत मधूनच एखाद्या प्रेक्षकाचे डोके उठून पडद्यावरून चालत जाई, हा प्रकार राजरोस चाले. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ८ ऑक्टोबर १९८४ पासून दुरुस्ती अमलात आली, गुन्ह्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली, आणि कलम ५२ अ अन्वये प्रत्येक कॅसेटीवर निर्मात्याचे नाव-पत्ता व सेन्सॉरच्या दाखल्याची नक्कल असणे बंधनकारक झाले. कागदावर तरतूद चोख होती. आमच्यापर्यंत पोचणाऱ्या कॅसेटींवर मात्र मजकूर असे तो पडद्याच्या तळाशी सरकत जाणाऱ्या जाहिरातींचा, ज्या नायिकेच्या अश्रूंखालून साड्यांची व अगरबत्त्यांची नावे वाहून नेत. त्याच वर्षी, १७ जानेवारी १९८४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निर्णय दिला होता की, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी उतरवून ठेवणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. त्या न्यायमूर्तींना बोईसर ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु तीन पाळ्यांत काम करणाऱ्या आमच्या मुलखास या निवाड्याचे मर्म त्यांच्याहून अधिक कळले असते. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, ज्याचे चित्रीकरण आमच्याच रेल्वेमार्गावर, डहाणू, घोलवड आणि बोर्डी ओलांडल्यावर येणाऱ्या उंबरगावी होत असे; पहिल्या पाळीला गेलेल्या कामगारासाठी ते उतरवून ठेवायचे आणि तो दुपारी आल्यावर, त्याचे हातपाय धुऊन झाल्यावर, उदबत्ती लावून पुन्हा लावायचे, अशी रीत काही घरांतून होती. राम एकाच रविवारी दोनदा वनवासाला जाई.

स्त्रियांच्या दृष्टीने या प्रकरणाचा विचार अद्याप कोणी नीट केलेला नाही. चित्रपटगृहात जायचे तर सोबत, तिकीट, गाडी आणि सासूची परवानगी अशा चार गोष्टी जुळाव्या लागत. खळ्यात काहीच जुळवावे लागत नसे. 'माहेरची साडी' १९९१ साली आला, आणि तो आमच्याकडे कॅसेटीवर लागला तेव्हा माझ्या काकूने भर प्रसंगात हात वर करून सांगितले, "थांबव रे जरा, पोराला निजवून येते." सबंध आयुष्यात चालत्या चित्रपटाला थांबण्याची आज्ञा तिने प्रथमच केली असावी. व्हिडिओवाल्याने प्रथम नकार दिला, एका जागी थांबवले की फीत झिजते म्हणाला. परंतु आजूबाजूच्या पाचपन्नास बायकांचे चेहरे पाहून त्याने कळ दाबली, आणि अलका कुबल डोळ्यांत पाणी आणून, किंचित थरथरत, आमच्या काकूची वाट पाहत उभी राहिली.

येथवरचे चित्र गोड आहे, आणि म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. खळ्यात बसण्याचाही एक क्रम होता: खुर्च्या, मग सतरंज्या, आणि कुंपणापलीकडे उभी राहिलेली माणसे, जी रेल्वेच्या पलीकडच्या पाड्यांवरून अंधारात चालत येत, ज्यांच्याकडे कोणी वर्गणी मागत नसे आणि ज्यांना कोणी बसाही म्हणत नसे. 'सारा गाव एकत्र बसे' हे वाक्य सतरंजीवरच्यांचे आहे. माझा एक वारली वर्गमित्र, जो पुढे आश्रमशाळेत शिक्षक झाला, त्याच्याशी या विषयावर बोलत असता तो म्हणाला की त्याला त्या काळचे चित्रपट मुके आठवतात, कारण कुंपणापर्यंत आवाज पोचत नसे. 'अशी ही बनवाबनवी' त्याने तसाच पाहिला. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन लुगडी नेसून येतात तेव्हा त्या दोन नव्या नट्याच आहेत अशी त्याची समजूत झाली, आणि आतले लोक त्या बिचाऱ्यांना पाहून एवढे का हसतात हे त्याला कळेना. हे त्याने हसतच सांगितले. मीही हसलो; पण त्या रात्री मी सतरंजीवर होतो. व्हिडिओमुळे तारपा बुडाला असे जे म्हटले जाते, त्याला मात्र त्याचा पाठिंबा नाही. तारप्याच्या वेढ्यात बाहेर उभे राहावे लागत नाही, म्हणून तो टिकला, एवढेच त्याचे म्हणणे.

पुढचा ऱ्हास झटपट झाला. प्रथम केबलवाल्याने आपल्याच व्हीसीआरची तार आळीभर फिरवली, १९९१-९२ साली उपग्रहवाहिन्या उतरल्या, आणि १९९४ साली 'हम आपके हैं कौन'च्या निर्मात्यांनी कॅसेट अडवून धरून प्रेक्षकाला पुन्हा चित्रपटगृहात आणता येते हे सिद्ध केले. मग तबकड्या आल्या, ७४ मिनिटांची एक, म्हणजे एका चित्रपटाला दोन किंवा तीन. २००७ साली मोझर बेअर कंपनीने त्या २८ रुपयांना विकायला काढल्या, आणि जी वस्तू भाड्याच्या दराने विकत मिळते ती उसनी कोण आणील? २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. तिच्यात आज जो तो आपापल्या तळहातावर आपापला चित्रपट पाहत असतो, आणि शेजारचा मान वळवून डोकावला तर पडदा किंचित तिरपा करून घेतो.

अलीकडे या काळाकडे अभ्यासक व कलावंत वळू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट. इशिता तिवारी यांनी भारतातील व्हिडिओ संस्कृतीचा अभ्यास करताना लग्नाच्या कॅसेटी आणि व्हिडिओ नियतकालिके यांनाही स्थान दिले आहे; मधु त्रेहन यांचे १९८८ साली निघालेले 'न्यूजट्रॅक' हे कॅसेटीवरचे वृत्तमासिक अशांपैकीच एक, ज्याला सरकारी वाहिनीखेरीज दुसरे काही नसण्याच्या काळात फार महत्त्व होते. आपल्या महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मालेगावचे. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी दुसऱ्यांचे चित्रपट दाखवता दाखवता स्वतःच गावातल्या माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. त्या उद्योगावर फैजा अहमद खान यांचा माहितीपट झाला आणि पुढे रीमा कागती यांचा कथापट. उसनवारी कोठवर जाऊ शकते याचा हा नमुना: येथे चित्रपटच उसना घेतला, आणि परत करताना तो मालेगावचा होऊन बसला. यंत्राचे आयुष्य मात्र संपले आहे. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, आणि त्यानंतर नवे यंत्र कोणी बनवलेले नाही.

माझ्या मते खरा निकडीचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, आणि त्यावर स्मरणरंजन करणारे सहसा बोलत नाहीत. चित्रपट सुरक्षित आहेत. 'धुमधडाका' उद्या कोणालाही पाहता येईल. नाहीसे होत आहे ते घरोघरच्या लोखंडी कपाटांत, लग्नाच्या शालूखाली ठेवलेले लग्नांचे चित्रण. बाजूचे बारीक बटण दाबून कॅसेटीचे झाकण उघडावे, तर समुद्राच्या दमट हवेने फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरलेली दिसते, भाकरीवर धरते तशी. अशी कॅसेट यंत्रात घातली की फीत आणि हेड दोन्ही जातात. या पट्ट्यात तर तिचे मोल अधिक आहे. अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी, जे २००५ व २००६ साली सुरू झाले, अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपापल्या जागेवरून उठली. तेथली घरे, ओटे आणि वाटा आज पाहायच्या असतील, तर त्या कोणाच्या तरी लग्नात नवऱ्यामुलामागे योगायोगाने आलेल्या असतील तेवढ्याच. असे चलच्चित्र कोणत्या संग्रहालयात जाऊन शोधायचे?

गेल्या दिवाळीत वडिलांची ट्रंक आवरताना मला एक कॅसेट सापडली, जिच्यावर 'गंमत जंमत' असे लिहिले होते आणि खाली बोईसरच्या त्या लायब्ररीचा शिक्का होता. परत करायची राहून गेलेली. मी ती घेऊन दुकानात गेलो. जुना मालक मागे खुर्चीवर बसलेला असतो, मोबाइलचा व्यवहार मुलगा पाहतो, पण लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देण्यासाठी म्हाताऱ्याने एक व्हीसीआर चालू ठेवला आहे. विलंबशुल्क किती झाले असेल, असे मी विचारले. वही केव्हाच रद्दीत गेली, असे तो म्हणाला. त्याने कॅसेट फिरवून तिची मागची कड पाहिली. उतरवणे बंद व्हावे म्हणून मोडलेल्या खुंटीच्या खाचेवर कोणीतरी चिकटपट्टी लावलेली होती. "हिच्यावर कोणीतरी काहीतरी उतरवलंय," असे म्हणून त्याने बुरशी पुसली, हाताने चक्र दोन वेळा फिरवून फीत सैल केली आणि ती आत सारली.

चाळीसएक मिनिटे 'गंमत जंमत' व्यवस्थित चालला. मग एक हिसका बसला, मुंग्या आल्या, आणि पडद्यावर कोणाची तरी हळद लागली होती. मांडवात पाटावर बसलेली मुलगी, तिच्या गालाला हळद फासणाऱ्या बायका, कॅमेऱ्याच्या दिव्याने डोळे मिटून घेणारी एक म्हातारी, मागे नारळाची दोन झाडे आणि त्यांच्यामध्ये एका विहिरीचा अर्धा ढासळलेला कठडा. दुकानदार एकदम पुढे झुकला आणि त्याने चित्र थांबवले, फीत झिजते ते विसरून. त्याचे आजोळ पोफरणचे. "ही विहीर आमची," तो म्हणाला, "म्हणजे गावची." मुलगी कोण ते त्याला ओळखता आले नाही, म्हातारीचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव ओठांवर येत नाही. येत्या रविवारी पुनर्वसनाच्या वस्तीवर जाऊन तो विचारून येणार आहे, आणि माणसे सापडली तर कॅसेट त्यांची, असे आमचे ठरले आहे.